वाट पाहण्याचं व्याज

आमच्या गावातल्या किराणा दुकानात दोन वह्या आहेत. लाल पुठ्ठ्याची वही शेतकऱ्यांची. तिचा हिशोब दिवाळीनंतर, पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस विकला की होतो. दुसरी शंभरपानी वही मजुरांची आणि गावातून कंपनीत जाणाऱ्या पोरांची. तिचा हिशोब बाजाराच्या दिवशी किंवा पगाराच्या तारखेला. ज्या महिन्यात एखाद्याच्या पानावर 'जमा' पडत नाही, त्या महिन्यात दुकानदाराला कळून जातं की याचं काम सुटलं. तो काही विचारत नाही. तेलाचं पाकीट देताना रोखीच्या भावापेक्षा पाच रुपये वर लावतो, एवढंच. त्याला मी दोष देत नाही, कारण तोही वर्ध्याच्या ठोक दुकानातून उधारीवरच आणतो.

दुकानदाराला जे तीस दिवसांत कळलं, ते सरकारच्या कॉम्प्युटरला कळायला पाच महिने लागले. मधल्या पाच महिन्यांचा खर्च कोणी केला, हा या लेखाचा विषय आहे.

माझा चुलतभाऊ नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होता. पगारपत्रकावर चौदा हजार. त्यातून पीएफ कापला जायचा आणि ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, पाऊण टक्काही. जानेवारीत ठेका बदलला. नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली आणि याला गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको. नोटीस नाही, पत्र नाही. गावी परत आला तेव्हा हातात डबा आणि एक जुना गेटपास होता.

आता कागदावर पाहिलं तर हा माणूस नशीबवान. त्याच्यासाठी योजना आहे. ईएसआयसीची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' २०१८ मध्ये सुरू झाली. आधी रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, करोनाच्या वेळी ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही जन्मात एकदाच. आधी दावा करायलाच काम सुटून ९० दिवस व्हावे लागायचे, नंतर ते ३० दिवसांवर आणलं. मालकामार्फतच अर्ज आला पाहिजे, ही अटही गेली. म्हणजे सुधारणा झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. चुलतभावाचा हिशोब सोपा होता: दिवसाचे २३३ रुपये, नव्वद दिवसांचे एकवीस हजार.

अडलं ते दोन ठिकाणी. आधारवर त्याच्या नावात बापाचं नाव आहे, विम्याच्या नोंदीत नुसतं नाव-आडनाव. आणि जुन्या ठेकेदारानं त्याचं नाव कामावरून कमीच केलं नव्हतं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या मते तो अजून कामावरच होता. खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, काम सुटल्याचं ठेकेदाराकडून करून आणा. ठेकेदार फोन उचलेना. भाऊ घरी येऊन म्हणाला, "दादा, काम सुटल्याचा कागद आना म्हन्ते. पन कामावर व्हतो, याचा कागद तरी मले कोनं देल्ला होता?"

पैसे जूनमध्ये आले. मृग लागला होता. मी बसून त्याच्याबरोबर मधल्या खर्चाचा हिशोब मांडला. घरखर्चाचा नव्हे, तो तर असतोच. नुसता वाट पाहण्याचा. गावातल्या एकाकडून दहा हजार घेतले होते, शेकडा पाच महिन्याला. चार महिन्यांचं व्याज दोन हजार. भावसुनेची पोत गहाण टाकून पंधरा हजार उचलले, त्याचं व्याज बाराशे. दोन बकऱ्या घाईत विकल्या. सात हजारांचा माल साडेपाच हजारांत गेला, कारण बाजारात गरजू माणूस चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. नागपूरला चार चकरा. एसटीचं भाडं आणि त्या दिवशीची बुडालेली रोजी धरली तर दोन हजार. एकूण सहा हजार सातशे. एकवीस हजारांच्या मदतीतला तिसरा हिस्सा ती मदत मिळेपर्यंतच खाल्ला गेला. किराण्यातले पाकिटामागचे पाच रुपये मी धरलेच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे सहा हजार सातशे त्याचे नव्हते. ज्यांनी उशीर केला त्यांचे होते.

आपल्याकडे बेकारीच्या काळातल्या पैशांची चर्चा निघाली की शहाणी माणसं सल्ला देतात: तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा, गरज आणि हौस यांतला फरक ओळखावा, कर्ज टाळावं. सल्ला चुकीचा नाही. तो देणाऱ्याला चौदा हजारांतून साडेतीन हजार खोलीभाडं, दीड हजार जाण्यायेण्याचे, बापाच्या बीपीच्या गोळ्या आणि बचत गटाचा हप्ता वजा करून एकदा दाखवायला सांगावं. आमच्याकडे घरातली बचत म्हणजे बकरी, पोत आणि कोठीतली तूर. या तिन्ही गोष्टी अडचणीत विकायला काढल्या की त्यांची किंमत पडते, आणि अडचण सरली की परत घ्यायला महाग पडतात. शिवाय गावात काम एकट्याचं सुटत नाही. ठेका बदलला की एकाच गावातले पाच-सहा जण एकदम घरी येतात. मग उधारी द्यायला दुकानदार कचरतो, बकऱ्या घ्यायला खाटीकही भाव पाडतो. बाकी, विनापरवाना सावकारी २०१४ च्या राज्य कायद्यानं गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. शेकडा पाचनं देणाऱ्यालाही माहीत आहे. रात्री आठ वाजता बापाच्या औषधाला पैसे लागतात तेव्हा तोच दार उघडतो.

पीएफचीही हीच कथा, फक्त नियम जास्त गमतीचे. आधी काम सुटून महिना झाला की ७५ टक्के काढता यायचे आणि दोन महिन्यांनी बाकीचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की ७५ टक्के लगेच मिळतील, मात्र पूर्ण रक्कम काढायला बारा महिने थांबायचं. म्हातारपणासाठी पैसे राहावेत हा विचार मला पटतो. पण याच पीएफच्या १९५२ च्या योजनेत एक कलम आहे, ते फार कमी लोक वाचतात. पूर्ण भरलेला दावा वीस दिवसांत निकाली निघाला नाही, आणि उशिराला पुरेसं कारण नसेल, तर आयुक्तावर वर्षाला १२ टक्के दंडव्याज लागतं आणि ते त्याच्या पगारातून कापता येतं. वाचून मी दोनदा चष्मा पुसला. पगारातून असं व्याज कापलेला साहेब माझ्या पाहण्यात तरी आलेला नाही, तुमच्या आला असेल तर कळवा. म्हणजे तत्त्व नवं नाही. उशीर करणाऱ्यानं व्याज भरावं, हे सरकारनंच लिहून ठेवलेलं आहे. फक्त दावा 'पूर्ण भरलेला' कधी मानायचा, हे ठरवण्याचा अधिकारही उशीर करणाऱ्याकडेच ठेवला आहे.

तरीही चुलतभावाजवळ निदान भांडायला एक अर्ज क्रमांक होता. विदर्भातल्या ज्या कामगाराकडे तोही नाही, तो जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातला.

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, राळेगाव, अकोट, कुठल्याही कापसाच्या बाजारपेठेच्या वेशीवर या जिनिंग-प्रेसिंग दिसतात. दिवाळीच्या आसपास रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रं, सुरू होतात, होळीपर्यंत धुमधडाका असतो, गुढीपाडवा उलटला की एकेक बंद पडत जातात. गाडी खाली करणारे हमाल, कापूस लोटणाऱ्या बाया, कवडी निवडणाऱ्या म्हाताऱ्या, रुई दाबून गठाण बांधणारे, फिटर. सहा महिने नाकातोंडात रुईचे तंतू, आणि मग एके दिवशी मुनीम म्हणतो, आता दसऱ्यानंतर या. हे काम जाणं आहे की नाही? ज्याची रोजी थांबली त्याला विचाराल तर आहे. कायद्याला विचाराल तर नाही.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातून 'हंगामी कारखाने' वगळलेले होते, आणि हंगामी कारखाना म्हणजे काय याची जी यादी आहे तिच्यात पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं, दुसरं प्रेसिंगचं. मग शेंगदाणे फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, चहा. नीळ! निळीची शेती जाऊन पिढ्या लोटल्या, पण यादीत ती आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही हंगामी कारखाना बाहेरच आहे आणि व्याख्येत जिनिंग जागच्या जागी आहे. म्हणजे चुलतभावाची पाऊण टक्क्याची कपात जिनिंगच्या बाईच्या वाट्यालाही येत नाही, आणि म्हणून नव्वद दिवसांचा अर्धा पगारही नाही. आजारपणाचा भत्ता नाही, दवाखाना नाही. तिला वाटही पाहावी लागत नाही, कारण वाट पाहायला काही ठेवलेलंच नाही.

यामागचा युक्तिवाद सरळ आहे: हंगाम संपणार हे आधीच माहीत असतं, मग ती बेकारी कसली? मला हाच युक्तिवाद उलटा दिसतो. जे आधीच माहीत आहे त्याची सोय करणं तर सगळ्यांत सोपं. पाऊस कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, तरी आपण पीक विमा काढतो. एप्रिलमध्ये रेचा बंद पडणार हे पोरंटोरंही सांगतील, आणि त्यासाठी काहीच नाही.

आता कोणी म्हणेल, त्यांच्यासाठी रोजगार हमी आहे की. महाराष्ट्रात राहून हे वाक्य ऐकताना थोडा अभिमान आणि जास्त संकोच वाटतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात जो राज्यभर पसरला आणि १९७७ मध्ये ज्याचा कायदा झाला, त्यावरूनच देशानं २००५ चा रोजगार हमी कायदा घेतला. शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो याच कामांसाठी. शहरातल्या पगारातून खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम, हा विचार इथलाच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराचे सव्वाशे दिवस झाले, पण पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्षाला एकूण साठ दिवस काम बंद ठेवता येईल. त्याचं काय होतं ते बघायला वेळ आहे. मी बोलतो ते आजवरच्या अनुभवाबद्दल.

काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेरोजगारी भत्ता द्यायचा, हे २००५ च्या कायद्यातच होतं. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, नंतर निम्मा. २०२५-२६ ची महाराष्ट्राची मजुरी ३१२ रुपये, म्हणजे पाव हिस्सा ७८ रुपये. रक्कम लहान आहे, पण आमच्या भागात ती मिळाल्याचं मी कोणाकडून ऐकलेलं नाही. कारण साधं. पंधरा दिवस मोजायचे तर काम मागितल्याची तारीख लागते, आणि तारखेची पावती रोजगार सेवक देत नाही. तो तोंडी म्हणतो, "मस्टर निघालं की सांगतो." तोही बिचारा तुटपुंज्या मानधनावर असतो, पावती दिली तर वरून त्यालाच विचारणार. मागणी नोंदवली नाही की बेकारी नाही, बेकारी नाही की भत्ता नाही. आकड्यांत गाव एकदम सुखी.

मजुरी उशिरा मिळाली तर भरपाईचीही तरतूद होती. हजेरीपत्रक बंद झाल्यापासून पंधरा दिवस उलटले की दररोज ०.०५ टक्के. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये, तिच्यावर दिवसाला ९४ पैसे. महिनाभर उशीर झाला तर २८ रुपये. तेवढ्याच रकमेवर गावातला शेकडा पाचवाला महिन्याला ९४ रुपये घेतो. म्हणजे सरकारनं व्याज कबूल केलं, पण बाजाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी दरानं. मजुराकडून पैसे उचलून वापरायचे तर जगात याहून स्वस्त कर्ज कुठं मिळेल? आणि वरून निधी सुटायला लागणारा वेळ या हिशोबात धरायचा नाही, अशी चलाखीही बरीच वर्षं चालली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्या दिरंगाईतून केंद्राला अंग काढून घेता येणार नाही. मेळघाटात होळी हा कोरकूंचा वर्षातला सगळ्यांत मोठा सण, माणसं कुठूनकुठून गावी परततात. होळीच्या आधी मजुरी द्या, ही मागणी तिकडे नवी नाही. सण उलटून गेल्यावर आलेल्या पैशाला ९४ पैशांचा दर लावून काय भरून निघतं?

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही खोटे नाहीत. पहिला आमच्याच घरातून येतो. आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर ऑटोनं आणा-पोहोचवा, आणि माझे काका बांधावर उभे राहून म्हणतात, "फुकटचे पैसे देऊन ठेवले सरकारनं, आता कोन वावरात येते?" जुलै-ऑगस्टमध्ये काकांचं म्हणणं निम्मं तरी खरं असतं. पण मी ज्या काळाबद्दल बोलतोय तो एप्रिल ते जून. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, वावर उलंगलेलं, पऱ्हाट्या उपटून झालेल्या. तेव्हा काकांकडेही कोणाला द्यायला काम नसतं. भत्ता त्याच तीन महिन्यांपुरता ठेवला तर निंदणाच्या बाया त्यानं पळत नाहीत.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. बांधकाम कामगारांच्या नोंदणीत काय झालं ते आपण पाहिलं आहे. भांड्यांच्या संचासाठी ज्यांनी जन्मात विटेला हात लावला नाही त्यांनीही नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि खरा गवंडी रांगेत मागे राहिला. पण यातून निघणारा धडा कागद वाढवण्याचा नाही. कागद वाढले की जमवणाऱ्याचं फावतं. एजंट असतो, त्याचे ठरलेले पैसे असतात. खऱ्याला एजंट परवडत नाही. पैसे आधी आणि तपासणी नंतर, एवढा क्रम बदलला तरी बराच फरक पडेल. विम्याच्या नोंदीत शेवटच्या सहा महिन्यांची कपात दिसते आहे, पुढच्या महिन्यात ती आली नाही, एवढं सरकारच्याच कॉम्प्युटरला दिसतं. मग पहिल्या तीस दिवसांची रक्कम मागणीवरच खात्यात टाकावी. नाव जुळत नाही, ठेकेदारानं नोंद कमी केली नाही, ही भांडणं पुढच्या दोन हप्त्यांसाठी ठेवा. कोणी खोटं बोललं असेल तर तो पुढच्या नोकरीत त्याच क्रमांकानं सापडणारच आहे, तेव्हा वसूल करा. ठेकेदारानं वेळेत नोंद केली नाही तर दंड त्याला लावा, मजुराला कशाला?

आणि पैसे आले की ते मजुराच्या हातात पडले पाहिजेत, हेही सांगायला हवं. आमच्याकडे थकीत पीककर्जापोटी खात्याला होल्ड लावलेलं असतं. बेकारीचा पैसा त्यात जमा होतो आणि तिथंच अडकतो. बँकेचं काम झालं, सरकारचं काम झालं, घरी चूल तशीच.

जिनिंगसाठी तर नवं काही शोधायचीही गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं हमालांसाठी मंडळं झाली, मालकानं मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरायची आणि मंडळानं ती कामगाराच्या नावावर ठेवायची. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं सरकारनं ठरवलं. ऊस तोडणाऱ्याला हे मिळायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऊस टनावर मोजता येतो तसा कापूस गठाणीवर मोजता येतो, हे मुंबईत कोणाला सुचत का नाही? एक गठाण १७० किलोची. तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. २०२५-२६ च्या मध्यम धाग्याच्या ७,७१० रुपये हमीभावानं तो झाला साडेअडतीस हजारांचा. त्यावर गठाणीमागे वीस रुपये. समजा एका जिनिंगनं हंगामात दहा हजार गठाणी बांधल्या, तर दोन लाख होतात. चाळीस माणसं असतील तर माणशी पाच हजार. सरकारनं तेवढेच घातले तर दहा. एप्रिल ते जून, महिन्याला तीन हजारांवर. यात कोणी श्रीमंत होत नाही. पोत सावकाराकडे जात नाही, एवढंच.

गठाणीच्या प्रत्येक नगाला नंबर असतो. किती बांधल्या हे जीएसटीला कळतं, बँकेला कळतं, तारण ठेवणाऱ्या गोदामवाल्याला कळतं. मजुरांची हजेरी मुनीमाच्या वहीत असते, कारण तिच्याशिवाय शनिवारचा पगार होत नाही. या दोन वह्या शेजारी ठेवल्या की काम झालं. अर्ज फेब्रुवारीतच भरून घ्यावा, जिनिंग सुरू असताना, मुनीम जागेवर असताना. पैसे रेचा बंद झाल्यावर पंधरा दिवसांत द्यावे. उशीर झाला तर व्याज लावावं, आणि ते ९४ पैशांच्या हिशोबानं नको.

चुलतभावाचे एकवीस हजार ज्या दिवशी आले, त्या संध्याकाळी मी त्याच्यासोबत दुकानात होतो. दुकानदारानं शंभरपानी वही काढली, थुंकी लावून पानं उलटली, नऊ हजारांवर आडवी रेघ मारली आणि 'जमा' लिहिलं. शेकडा पाचवाल्याचा निरोप तोवर येऊन गेला होता. मग दुकानदारानं चष्म्यावरून वर बघत विचारलं, "बियानं आनाचं हाय ना?" बापाच्या दोन एकरासाठी बियाण्याच्या पिशव्या लागणारच होत्या. त्यानं लाल पुठ्ठ्याची वही पुढं ओढली आणि नवं पान उघडलं.